डब्लिनचा गुरुदत्त

सुमेधा देशकरकडून कुणाचंही भांडं रिकामं परत जात नसे. शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम झाला की उरलंसुरलं कुणाच्या ना कुणाच्या डब्यातून घरोघर जायचं आणि डबे मग महिनोन् महिने बेपत्ता व्हायचे. सुमेधाकडे गेलेला डबा मात्र आठवड्याच्या आत, लख्ख घासून, आत चिवडा नाहीतर चार शंकरपाळे घालून मालकिणीच्या दारात हजर. अमरावतीत आईने लावलेलं वळण तिने इतक्या लांब येऊनही मोडलं नव्हतं. दुसऱ्याची वस्तू आपल्या घरात राहिली तर तिला रात्री झोप लागत नसे.

अशा या बाईच्या गॅरेजमध्ये, १९८६ सालच्या नोव्हेंबरात, गवत कापायच्या मशीनमागे एक प्रेशर कुकर, दोन ब्लँकेटं, लिंबाच्या लोणच्याची बरणी आणि एक जाडजूड लोकरी कोट लपवून ठेवलेला होता. या सगळ्या वस्तू लोकांनी ज्याच्यासाठी दिल्या होत्या तो मुलगा या जगात नव्हता. म्हणजे मेला वगैरे नव्हता. जन्मालाच आला नव्हता.

मूळ शोधायचं तर अमरावतीलाच जावं लागतं. सुमेधाचा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी फिजिक्सचा एक पेपर राहिला. ऑक्टोबरात पुन्हा बसायचं ठरलं होतं, तेवढ्यात जूनमध्ये स्थळ आलं. मुलगा अमेरिकेत इंजिनिअर, रजा थोडी, घाई फार. पत्रिकेबरोबर पाठवायच्या कागदावर मामांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'बी.एस्सी. (फिजिक्स)'. सुमेधाने हळूच म्हटलं, "मामा, अजून झाले नाही मी." मामा म्हणाले, "ऑक्टोबरात होशीलच की!" ऑक्टोबरात ती शिकागोच्या एका भाड्याच्या घरात खिडकीतून पानगळ बघत बसली होती.

विवेकला तिने लग्नानंतर आठवडाभरातच रडत रडत सगळं सांगून टाकलं. तो मनापासून हसला. "मी काय तुझं सर्टिफिकेट बघून माळ घातली?" विषय त्याच्यापुरता संपला. इतका संपला की पुढे पंधरा वर्षं कुणीही नवं भेटलं की तो कौतुकाने ओळख करून द्यायचा, "ही सुमेधा. बी.एस्सी. फिजिक्स." त्यात त्याला खोटं बोलल्यासारखं काही वाटत नसे. सुमेधा मात्र दर वेळी आपल्या हातातल्या ताटलीकडे बघायची.

त्या शहाऐंशी साली विवेकची पाठ धरली आणि फिजिकल थेरपीसाठी त्याला न्यावं लागलं. तिथली बाई त्याला धरून उभं करी, पाऊल कसं टाकायचं, वजन कुठल्या पायावर घ्यायचं ते शिकवी. सुमेधा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून बघायची. लायब्ररीत पुस्तकं लावण्याचं, शिक्के मारून देण्याचं काम ती तेव्हा करत होती. एक दिवस घरी येताना गाडीत ती म्हणाली, "मला हे काम आवडेल." विवेक म्हणाला, "मग शिक की!" चौकशी केली, तर जवळच्या कम्युनिटी कॉलेजात काही विषय आधी पास व्हावे लागत होते. त्यात पहिला होता फिजिक्स.

पहिल्या टेस्टला ती नापास झाली.

मदत मागायची तर घरातच इंजिनिअर. जेवणं झाल्यावर विवेकने बाह्या सरसावल्या आणि कागदावर भराभर बाण काढले. "हा फोर्स इकडे, हा तिकडे, दोन्ही सारखे. ऑब्व्हियस आहे ना?" तिला ऑब्व्हियस नव्हतं. त्याने पुन्हा तेच, तितक्याच वेगाने, फक्त आवाज चढवून सांगितलं. तिसऱ्या वेळी पेन्सिल टेबलावर टाकत तो थट्टेने म्हणाला, "अगं, तू तर बी.एस्सी. फिजिक्स ना?"

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. "सॉरी, सॉरी. सुमा, मी गंमत केली." पण तिने पुस्तक मिटलं होतं. ते नंतर तिने त्याच्यासमोर कधी उघडलं नाही.

तेरा वर्षांची नीला टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली, "मॉम, कॉलेजमध्ये ट्यूटर असतात. फ्री असतात. जस्ट गो."

सुमेधा गेलीही. ट्यूटरच्या खोलीच्या दाराला काच होती. काचेतून तिने आत पाहिलं, तर टेबलापाशी मुलांना गणित समजावत संजीव बसलेला. वसुधाचा मुलगा. युनिव्हर्सिटीत जाण्याआधीचं एक वर्ष तो इथे काढत होता हे ती विसरलीच होती. या पोराचं शेंबडं नाक तिने पुसलं होतं, बुटांच्या नाड्या बांधून दिल्या होत्या. आणि वसुधा म्हणजे मंडळाची अध्यक्ष. तिच्या कानावर सकाळी घातलेली गोष्ट दुपारपर्यंत तीन उपनगरांत पोचायची. सुमेधा पाणी प्यायला आल्यासारखी नळापाशी वाकली, घोटभर पाणी प्यायली आणि परत फिरली.

दसऱ्याचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. कोपऱ्यात घडीच्या खुर्चीवर आठल्ये काका एकटेच बसले होते. हेमचंद्र आठल्ये सांगलीच्या कॉलेजात फिजिक्सचे प्राध्यापक होते. निवृत्त झाल्यावर मुलाने त्यांना आणि शरयूकाकूंना इकडे आणलं. मुलगा आणि सून पद्मजा कामावर जात, नातू शाळेत, आणि काका दिवसभर खिडकीशी. सुमेधाने त्यांना चहा नेऊन दिला.

"तू फिजिक्सची ना? विवेक सांगत होता," काका म्हणाले. "काही विचारायचं असेल तर विचारत जा गं. इथे मला कुणी काही विचारत नाही. नातूसुद्धा टीव्हीला विचारतो."

ते ज्या स्वरात म्हणाले, त्याने सुमेधाचं मन विरघळलं. आता सांगावं. इतक्या सरळ माणसाला सांगायला काय हरकत आहे? तिने तोंड उघडलं, "काका, मला जरा..."

"हे काय!" पाठीमागून वसुधा ताटली घेऊन आली. "तू काकांना काय विचारतेस? तू स्वतःच फिजिक्सवाली!"

"माझ्यासाठी नाही," सुमेधा म्हणाली. पुढचे शब्द तिच्या तोंडून कसे आले ते तिचं तिलाही नंतर सांगता आलं नाही. "माझ्या मावसबहिणीचा मुलगा आलाय शिकायला. त्याला फिजिक्स जड जातंय. मला फोनवर विचारतो, पण मीही आता सगळं विसरलेय."

"अय्या, कुठे असतो?"

"ओहायोला. डब्लिनला." हे नाव तिने कधीतरी नकाशात वाचलं होतं.

"डब्लिनला? अगं, माझा धाकटा भाऊ अमित तिथेच राहतो! नाव काय भाच्याचं?"

"गुरुदत्त," सुमेधा म्हणाली. अमरावतीत तिच्या वर्गात पहिला येणाऱ्या मुलाचं ते नाव होतं.

आठल्ये काका खुर्चीत ताठ बसले होते. "गुरुवारी ये," ते म्हणाले. "त्याचे प्रश्न घेऊन ये."

त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये नातवाचा खेळण्यातला फळा होता, तीन पायांवर उभा, गुडघ्याएवढा. काका पाटासारख्या बुटक्या स्टुलावर बसून त्यावर लिहीत आणि सुमेधा समोर नातवाच्या छोट्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसे. शिकवणं हा काही माणसांचा धंदा असतो, काहींचा श्वास. काकांचा तो श्वास होता आणि तो बऱ्याच दिवसांत त्यांना मोकळेपणी घेता आला नव्हता. ते कधी घाई करत नसत. एक वाक्य सांगून समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत थांबत.

आणि तिथेच सुमेधाची पंचाईत होई.

"हे त्याला कळणार नाही, काका."

"यात न कळण्यासारखं काय आहे? तुला कळलं ना?"

"मला... हो. पण तो जरा..."

"मंद आहे?"

"मंद नाहीये हो!" सुमेधा इतक्या जोरात म्हणाली की वरून शरयूकाकूंनी विचारलं, "काय झालं गं?"

"नाही ना? मग पुन्हा सांगतो," काका म्हणाले आणि फळा पुसला.

असं ते चाललं. तिला एखादी गोष्ट कळली नाही, तर ती गुरुदत्तला कळत नसे. तिच्या मनात शंका आली की ती गुरुदत्तला येई. हळूहळू तिला खरंच कळायला लागलं, आणि त्याचं श्रेयही त्यालाच जाऊ लागलं. "या पोराला प्रश्न विचारायची अक्कल आहे," काका खूश होऊन म्हणत. "सूत्र कुणीही पाठ करतं. हा 'का' विचारतो. त्याला सांग, आठल्ये सरांनी शाबास म्हटलंय." सुमेधा मान डोलावून वर येई. गाडीत बसल्यावर खरं तर तो निरोप जिचा तिला पोचायला हवा होता. पण ती आरशात न बघता गाडी सुरू करी.

दुसऱ्या टेस्टला ती पास झाली. तिने जाऊन सांगितलं, "गुरुदत्त पास झाला." काकूंनी त्या दिवशी नारळाच्या वड्या केल्या होत्या. "त्याला पाठव हो यातल्या," म्हणून एक डबा भरून दिला.

इकडे वसुधाने आपलं काम चोख केलं होतं. नवा मुलगा शिकायला आला की मंडळातली घरं त्याचा संसार मांडून देत. त्या घरांतली बहुतेक माणसं अशीच, एका सुटकेसवर आलेली होती आणि पहिल्या हिवाळ्यात कुणीतरी दिलेल्या पांघरुणाची ऊब अजून विसरली नव्हती. वसुधाने स्वतःचा जास्तीचा कुकर आणून दिला. कुणी ब्लँकेटं दिली, कुणी लोणचं. सुमेधा "नको, नको" म्हणायची आणि लोकांना तो तिचा भिडस्तपणा वाटायचा.

मग एका गुरुवारी शरयूकाकू हातावर राखाडी कोट घेऊन आल्या. "पोरगा चालत कॉलेजला जातो म्हणालीस ना? हा घरात पडूनच होता."

"नको काकू. त्याच्याकडे असेल."

"असेल म्हणजे? विचारलंस का? मुलं सांगत नाहीत गं. मागायला लाजतात."

 कोट घेऊन सुमेधा निघाली. काका जिन्यात उभे होते, ते फक्त म्हणाले, "त्याला मोठा होईल थोडा. पण आत स्वेटर घालता येईल."

थँक्सगिव्हिंगच्या आधी वसुधाचा फोन आला. "ऐक, आम्ही अमितकडे चाललोय डब्लिनला. येताना गुरुदत्तला घेऊनच येतो. बिचारा एकटा काय करेल सुट्टीत?"

"नको! तो... तो रूममेटबरोबर जातोय."

"कुठे?"

"नायगाऱ्याला."

"या थंडीत? आईबापांना माहीत आहे का त्याच्या?"

फोन ठेवल्यावर विवेक म्हणाला, "आता फक्त त्याचं लग्न जमवायचं राहिलंय."

"चेष्टा करू नकोस."

"मग सांगून टाक ना, यार. लोक हसतील आणि विसरतील."

"काय सांगू? भाचा नाही हे सांगू, की डिग्री नाही हे सांगू? एक सांगितलं की दुसरं आपोआप बाहेर येतं."

"दॅट्स सो वीअर्ड, मॉम," नीला जिन्यावरून म्हणाली. "यू मेड अप अ पर्सन." तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. सुमेधाला तेच अधिक लागलं.

डिसेंबरच्या सुरुवातीला पाऊस पडून रात्रीत गोठला आणि रस्ते काचेसारखे झाले. त्या गुरुवारी आठल्यांच्या ड्राइव्हवेवरून सुमेधा बदकासारखी चालत दारापर्यंत पोचली. चालता चालता तिच्या डोक्यात काहीतरी आलं. चालताना पाय जमिनीला मागे रेटतो आणि घर्षण आपल्याला पुढे ढकलतं, हे काकांनी शिकवलं होतं. बेसमेंटमध्ये बसल्याबसल्या तिने विचारलं, "काका, गुरुदत्त विचारत होता, बर्फावर आपण छोटी छोटी पावलं का टाकतो? घसरू नये म्हणून, हे कळतं. पण पाऊल छोटं असलं तर का घसरत नाही?"

काकांनी खडू खाली ठेवला. "हा प्रश्न पुस्तकातला नाही."

"नाही."

"म्हणजे हे पोर रस्त्याने चालताना फिजिक्स करतंय!" त्यांचा चेहरा असा उजळला की सुमेधाने मान खाली घातली. "उत्तर मी देणार नाही. त्यालाच काढू दे. पुढच्या गुरुवारी मला सांग, काय म्हणाला ते."

"तुम्ही तर रोज तळ्यापर्यंत चालता. तुम्हाला अनुभव असेल," ती काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली.

"हल्ली नाही जात," काका फळा पुसत म्हणाले. "थंडी फार आहे."

दोनच दिवसांनी इंडियन ग्रोसरीत पद्मजा भेटली. तांदळाच्या पोत्यांपाशी तिने सुमेधाला बाजूला घेतलं. "सुमेधाताई, तुमच्याकडे बाबा मोकळेपणी बोलतात म्हणून विचारते. ते काही विसरल्यासारखं करतात का हो?"

"छे! का गं?"

"त्यांचा कोट हरवलाय. ह्यांनी ते आले तेव्हा मुद्दाम घेतला होता, चांगला राखाडी, आतून लाल अस्तर. विचारलं तर म्हणतात, 'असेल कुठेतरी.' नवा घेऊ या म्हटलं तर रागावतात, 'मला कुठे जायचंय!' महिना झाला, माणूस घराबाहेर पडलेला नाही. आईंना विचारलं तर त्याही काही बोलत नाहीत. आम्हाला भीती वाटते हो. डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलीय, मेमरीसाठी."

सुमेधा घरी आली ती सरळ गॅरेजमध्ये गेली. तिने कोट ओढून काढला. अस्तर लाल होतं. हे तिने कधी बघितलंच नव्हतं. तो घडी करून आणलेला कोट तिने घडीसकट लपवला होता. खिशात हात घातला तर बोटाला खडूचा तुकडा लागला.

बर्फातून चालत कॉलेजला जाणाऱ्या मुलासाठी म्हाताऱ्याने आपलं फिरणं बंद केलं होतं. लेकाने दिलेली वस्तू दान केली हे सांगायला नको, म्हणून विसराळू ठरण्याचीही त्याने तयारी केली होती. आणि तो मुलगा इथे, गवत कापायच्या मशीनमागे होता. सुमेधाला गॅरेजच्या थंड फरशीवर बसावंसं वाटलं. पण तिने कोट झटकला, हातावर घेतला आणि गाडीत बसली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाची वस्तू परत करताना तिच्यासोबत द्यायला सुमेधाकडे काही नव्हतं.

दार शरयूकाकूंनी उघडलं. कोट बघून त्या बाजूला झाल्या. काका खिडकीजवळच्या खुर्चीत होते.

"काका, गुरुदत्त नाही."

"नाही म्हणजे? परत गेला?"

"नव्हताच. कुणीच नव्हतं. मी कॉलेजात फिजिक्स घेतलंय. ते सगळे प्रश्न माझे होते."

"अगं बाई," काकू म्हणाल्या आणि खाली बसल्या.

एकदा सुरुवात झाल्यावर सुमेधा थांबली नाही. मामांनी लिहिलेला कागद, राहिलेला पेपर, काचेच्या दारामागचा संजीव. सांगताना तिचं तिलाच दिसत होतं की यातल्या एकाही गोष्टीसाठी कुणाचा कोट घ्यायची गरज नव्हती. पद्मजा काय म्हणाली तेही तिने सांगितलं. 

काका खिडकीबाहेर बघू लागले. "मला वाटलं होतं, आणखी एक विद्यार्थी मिळाला," ते म्हणाले. "तू समोर बसलेली असायचीस आणि मी तुझ्या डोक्यावरून ओहायोला बोलायचो. किती विचित्र." त्यांनी चष्मा काढून पुसला. "चांगला मुलगा होता."

ते उठले आणि जिना उतरून बेसमेंटमध्ये गेले. त्यांच्या पावलांचा आवाज थांबेपर्यंत दोघी बायका ऐकत राहिल्या. रागावले असते तर सुमेधाला सोसलं असतं. पण त्यांच्या घरात आत्ता कुणीतरी गेल्यासारखं झालं होतं, आणि त्या जाणाऱ्याला तिने जन्माला घातलं होतं.

"तू जा आता," काकू म्हणाल्या. त्यांच्या स्वरात कडवटपणा नव्हता.

"पद्मजाला तुम्ही सांगाल ना? ती डॉक्टरकडे..."

"ते तू सांगायचंस."

संध्याकाळी तिने पद्मजाला फोन केला. पद्मजाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "थँक यू फॉर टेलिंग मी." मराठीत बोलणारं माणूस असं मध्येच इंग्रजीत गेलं की दार लागल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या दिवशी ब्लँकेटं आणि लोणचं ज्यांचं त्यांना गेलं. कुकर घेऊन ती वसुधाकडे गेली. वसुधाने आधी दोनदा "म्हणजे?" असं विचारलं, मग खुर्चीत बसून हसू लागली. "अगं पण... नायगारा? मी काळजीने अमितला तीनदा फोन केले! तो बिचारा तिथल्या इंडियन स्टुडंट असोसिएशनमध्ये चौकशी करून आला, कुणी गुरुदत्त आहे का म्हणून!" हसता हसता ती थांबली. "आणि ट्यूटरच हवा होता तर आमचा संजीव तिथेच बसतो ना गं?"

"त्याला बघूनच परत फिरले."

वसुधाचं हसू मावळलं. संजीवला बघून म्हणजे कुणाला बघून, हे कळण्याइतकी ती हुशार होती. ती कुकरच्या झाकणाशी उगाच चाळा करत राहिली. मग म्हणाली, "कुकर ठेव तुझ्याकडे. पुढच्या मुलाला देऊ."

"तूच ठेव. माझ्या हातून आता कुणी काही द्यायचं नाही."

वसुधाने ही गोष्ट पोटात ठेवली का? नाही. दोन दिवसांत सगळ्यांना कळलं. लायब्ररीत मंडळातली एकजण पुस्तक बदलायला आली आणि काउंटरवर वाकून म्हणाली, "काय म्हणतो गुरुदत्त?" सुमेधाने पुस्तकावर शिक्का मारला. तो उलटा बसला.

गुरुवार आला. ती गेली नाही. परीक्षा तोंडावर होती, पुस्तक समोर होतं, आणि प्रत्येक शंकेपाशी तिला आपण कुणाला तरी फसवत असल्यासारखं वाटत होतं. दुपारी फोन वाजला. शरयूकाकू होत्या. "काका विचारतायत, आज गुरुवार ना?"

ती गेली तेव्हा काका ड्राइव्हवेच्या रस्त्याकडच्या टोकाला उभे होते. अंगात राखाडी कोट, डोक्यावर माकडटोपी, गाल थंडीने लाल. तळ्यापर्यंत जाऊन आले होते. वर खिडकीतून काकू बघत होत्या.

"उत्तर आलं का?" त्यांनी विचारलं.

"कशाचं?"

"बर्फाचं. गुरुवारपर्यंत द्यायचं ठरलं होतं."

"गुरु..." सवयीने सुमेधाच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं. आता मध्ये कुणी नव्हतं. कान तापले होते आणि पायाखाली बर्फ होता. "मला असं वाटतं," ती म्हणाली, "मोठं पाऊल टाकलं की पाय तिरका पडतो."

"मग?"

"तिरका पडला की आपण जमिनीला पण तिरकं रेटतो. आडवा जोर वाढतो. तेवढा जोर सांभाळण्याइतकं घर्षण बर्फाकडे नसतं. म्हणून पाय सटकतो."

"आणि छोटं पाऊल?"

"छोट्या पावलात पाय जवळजवळ सरळ खाली येतो. वजन खाली जातं. आडवं फार रेटावं लागत नाही. बर्फाकडे जेवढं आहे तेवढ्यात भागतं."

काका तिच्याकडे बघत राहिले. पहिल्यांदाच ते तिच्या डोक्यावरून न बघता तिच्याकडे बघत होते, आणि ते सोपं नव्हतं. शाबास ते म्हणाले नाहीत. ती शाबासकी ज्याला द्यायची सवय होती तो आता नव्हता, आणि हिला द्यायला अजून वेळ होता. सुमेधाला ते बरोबरच वाटलं.

"आकृती काढून दाखव," ते म्हणाले. "चल."

दोघं घराकडे निघाली, बारीक बारीक पावलं टाकत, एकमेकांचा हात न धरता. खाली गेल्यावर काका नातवाच्या छोट्या खुर्चीत बसले, कोटाच्या खिशातून खडूचा तुकडा काढला आणि तिच्या हातात दिला. बुटक्या स्टुलावर बसून फळ्यावर पहिला बाण काढताना तिची रेघ वाकडी आली.

"पूस," काका म्हणाले. "पुन्हा काढ."

परीक्षेत ती पास झाली. फार वर नाही, फार खाली नाही. त्या दिवशी शरयूकाकूंचा वड्यांचा डबा इतक्या आठवड्यांनी परत गेला. आत तिने केलेल्या करंज्या होत्या. काकांनी मार्क ऐकले आणि विचारलं, "अमरावतीला राहिलेला पेपर कशाचा होता?"

"इलेक्ट्रिसिटीचा."

"तो इथे पुढच्या सेमिस्टरला असतो. गुरुवार चुकवू नकोस."

जानेवारीत संक्रांतीच्या कार्यक्रमाला हर्नडन गावाहून बदलून आलेलं एक नवं जोडपं होतं. तिळगुळाची ताटली घेऊन विवेक पुढे झाला आणि पंधरा वर्षांच्या सवयीने म्हणाला, "ही सुमेधा. बी.एस्सी..."

तो थांबला. आजूबाजूचेही थांबले. आठल्ये काका घडीच्या खुर्चीवर बसले होते, कोट मांडीवर. सुमेधाने ताटलीकडे पाहिलं नाही.

"बी.एस्सी. नाही," ती म्हणाली. "एक पेपर राहिलाय."

"आणि गुरुदत्तचा?" मागून वसुधाने विचारलं.

सगळा हॉल हसला. सुमेधाचा चेहरा केसांच्या मुळापर्यंत लाल झाला. मग, जरा उशिराच, तीही हसली.